नवजात बाळाच्या मेंदूचा एमआरआय: कितव्या दिवशी काढला, ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जन्मतः गुदमरलेल्या बाळांविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख तळमळीने लिहिलेला होता. पण त्यातले एक विधान दुरुस्त व्हायला हवे, कारण अनेक कुटुंबे त्यावर विसंबून राहतील. ‘मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असेल तर ते एमआरआयमध्ये लगेच कळते’ असे लेखात म्हटले आहे. ते लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी काढलेला एमआरआय बऱ्याचदा खोटा दिलासा देतो. आठव्या-दहाव्या दिवशी काढून अर्धवट वाचलेलाही तसाच दिलासा देतो. मुंबईत हे दोन्ही प्रकार सर्रास होतात. मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी बसत नाही, मान धरत नाही, तेव्हा आईवडील जुनी फाईल उघडतात. रिपोर्टच्या शेवटी ‘नॉर्मल स्टडी’ लिहिलेले असते आणि तपासणीच्या वेळी बाळ किती तासांचे किंवा किती दिवसांचे होते याची नोंद कुठेही नसते. त्या नोंदीशिवाय ‘नॉर्मल’ या शब्दाला काहीही अर्थ उरत नाही. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण विषय दोन ओळींत आटोपण्यासारखा नाही.

वार वेळेआधी सुटते, नाळ बाळाच्या आधी बाहेर येते, गर्भाशय फाटते किंवा कळा तासन्‌तास लांबतात. अशा वेळी बाळाच्या मेंदूकडे जाणारे रक्त आणि त्यातला ऑक्सिजन कमी पडतो. पेशींची ऊर्जा संपते. बाळ जन्मते, रडत नाही, बॅग-मास्कने श्वास दिला जातो, ठोके सुधारतात, रंग येतो. आता संकट टळले असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात पेशींची ऊर्जा काही तासांपुरतीच सावरलेली असते. साधारण सहा तासांनंतर ऊर्जेचा पुरवठा दुसऱ्यांदा कोसळायला लागतो आणि हा टप्पा पुढे दोन-तीन दिवस चालतो. झटके बहुधा याच काळात येतात. मेंदूतल्या पेशींचे मोठे नुकसान या दुसऱ्या टप्प्यात होते, म्हणजे बारा तासांच्या बाळाचा फोटो काढला तर पुढे होणारे बरेचसे नुकसान अजून झालेलेच नसते. यंत्र चांगले असो वा डॉक्टर निष्णात असो, जे झालेलेच नाही ते दिसणार कुठून?

या नुकसानाची सर्वांत लवकर चाहूल लागते ती डिफ्युजन नावाच्या सिक्वेन्सवर (एमआरआयमध्ये काढल्या जाणाऱ्या चित्रांच्या एका प्रकारावर). मेंदूतले पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे तो मोजतो. ऊर्जा संपलेली पेशी पाणी आत ओढून घेते आणि फुगते; पेशींमधली जागा आकसते आणि रेणूंची हालचाल मंदावते. डिफ्युजनच्या चित्रावर असा भाग पांढरा दिसतो. मात्र पांढरे दिसले म्हणजे इजा असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याच वेळी संगणक एडीसी नावाचा दुसरा नकाशा तयार करतो आणि त्यावर तोच भाग काळा दिसला पाहिजे. एका चित्रात पांढरे आणि दुसऱ्यात काळे, अशी जोडी जुळली तरच ताजी इजा म्हणायची. नवजात मेंदूत सुमारे ९० टक्के पाणी असते. त्या पाण्यामुळे काही भाग इजा नसतानाही डिफ्युजनवर उजळ दिसतात आणि एडीसी न पाहणारा फसतो.

उलट दिशेनेही फसगत होते आणि ती जास्त घातक आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूत एडीसीचा आकडा साधारण ०.७ ते ०.८ असतो, एकक आहे मिलिमीटर वर्ग प्रति सेकंदाचा हजारावा भाग. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रात, तो १.० ते १.२ च्या आसपास असतो. आता दिवसभर मोठ्या माणसांचे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांसमोर बाळाच्या थॅलॅमसचा ०.८ हा आकडा आला, तर सवयीने तो ठीकच वाटणार. बाळासाठी तो ठीक नाही. ती गंभीर इजेची खूण आहे. थॅलॅमस दोन्ही बाजूंना सारखाच बिघडलेला असतो, त्यामुळे डावे-उजवे ताडून पाहूनही फरक कळत नाही. म्हणून आकडा मोजून रिपोर्टमध्ये लिहावा. माऊस फिरवून आकडा काढायला मिनिटभरही लागत नाही.

आता दिवसांचे गणित. पहिल्या चोवीस तासांत डिफ्युजन पूर्ण स्वच्छ दिसू शकते किंवा इजा आहे त्याहून कमी दाखवते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एडीसीचा आकडा तळाला जातो. पुढे मेलेल्या पेशींची आवरणे फुटतात, पाणी पुन्हा मोकळे होते, आकडा चढू लागतो, आणि सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास तो नेमका निरोगी बाळाच्या आकड्यावरून पुढे जातो. त्या दिवशी काढलेल्या डिफ्युजनवर पेशी मेलेल्या असूनही मेंदू निरोगी वाटतो. थंड उपचार (तीन दिवस बाळाचे शरीर थंड ठेवणे) मिळालेल्या बाळांमध्ये ही फसवी वेळ आणखी काही दिवस पुढे सरकते. टी-वन आणि टी-टू या नेहमीच्या चित्रांचे मात्र उलट आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती फारसे बोलत नाहीत. आठवडा उलटला की इजा स्पष्ट होते आणि दुसऱ्या आठवड्यात ती सर्वांत नीट वाचता येतात. त्यामुळे एकदाच एमआरआय करता येणार असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना एकदाच परवडतो, तर चौथ्या ते सहाव्या दिवसाची वेळ गाठावी. तेव्हा डिफ्युजन अजून बोलत असते आणि बाकीची चित्रे बोलायला लागलेली असतात. ती वेळ हुकली तर घाईघाईने सातव्या-आठव्या दिवशी काढून डिफ्युजनवर भिस्त ठेवण्यापेक्षा दहाव्या ते चौदाव्या दिवशी काढून टी-वन, टी-टू नीट वाचणे केव्हाही बरे.

कुठे पाहायचे, हेही सांगतो. पूर्ण दिवसांच्या बाळात ऑक्सिजन अचानक आणि जवळजवळ पूर्ण तुटला, उदाहरणार्थ नाळ बाहेर आली किंवा गर्भाशय फाटले, तर मार बसतो तो खोलवरच्या केंद्रांना: थॅलॅमसचा बाहेरचा भाग, पुटामेनचा मागचा भाग आणि वर हालचालींचे नियंत्रण करणारी मेंदूची पट्टी. त्या वेळी हेच भाग सर्वाधिक काम करत असतात, सर्वाधिक ऊर्जा खात असतात, म्हणून आधी तेच मरतात. अशा मुलांना पुढे हातपाय पिळवटणाऱ्या, ताबा नसलेल्या हालचाली आणि गिळण्याची अडचण यांचा त्रास होण्याची शक्यता मोठी असते. ऑक्सिजन थोडा थोडा, पण बराच वेळ कमी पडत राहिला तर चित्र वेगळे दिसते. दोन रक्तवाहिन्यांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे रक्ताचा दाब आधीच कमी असतो. तिथल्या पांढऱ्या भागाला आणि सालीला, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराला, इजा होते. या मुलांत पहिल्या वर्षात हातापायांची हालचाल बरी दिसू शकते. समज, दृष्टी, भाषा यांतल्या अडचणी मागाहून कळतात. म्हणूनच ‘चालायला लागला, आता फाईल बंद’ असे या मुलांबाबत म्हणू नये.

यात एक जागा आम्ही प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला आधी दाखवतो. थॅलॅमस आणि पुटामेन यांच्या मधून मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या तारांचा जुडगा उतरतो; त्याला इंटर्नल कॅप्सूलचा मागचा दांडा म्हणतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात टी-वनवर तिथे दोन्ही बाजूंना एकेक छोटी, तिरकी, पांढरी रेघ दिसते. ती रेघ पुसट झाली, तुटली किंवा उलटी काळी झाली, तर हालचालींवर परिणाम होण्याचा धोका मोठा. मात्र ३७ आठवडे पूर्ण न झालेल्या बाळात ही रेघ सहसा उमटलेली नसते. ३५ आठवड्यांच्या बाळात ‘रेघ नाही’ असे म्हणून घरच्यांना घाबरवणे चूक आहे. गर्भाचे आठवडे माहीत नसताना हा रिपोर्ट लिहिता येत नाही, तो एवढ्यासाठीच.

आता प्रत्यक्ष स्कॅन. आईवडिलांना भीती वाटते ती भुलेची. तीन महिन्यांपर्यंतच्या बहुतेक बाळांना एमआरआयसाठी भूल लागत नाही. बाळाला तीन-चार तास उपाशी न ठेवता उलट एमआरआयच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटभर दूध पाजायचे, ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा आणि मऊ सुती कापडात हातपाय जवळ घेऊन घट्ट, पण छाती हलेल इतपत गुंडाळायचे. कानात मऊ बोळे, त्यावर छोटे इअरमफ, कारण यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजचे तुकडे किंवा हवा काढली की कडक होणारी गादी. बाळ झोपेपर्यंत दिवे मंद ठेवून थांबायचे. हे थांबणेच गर्दीच्या विभागात अवघड होते. पुढचा रुग्ण दाराशी उभा असतो, बाळ कुरकुरते, आणि मग ट्रायक्लोफॉस या झोपेच्या औषधाचा डोस पाजला जातो. तो द्यावाच लागला तर श्वासावर आणि ऑक्सिजनच्या पातळीवर लक्ष ठेवणारी परिचारिका खोलीत असली पाहिजे. झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन चालू असलेल्या बाळाला तर वेगळ्या झोपेच्या औषधाची सहसा गरजच नसते.

एमआरआयच्या खोलीत एसी कडक असतो आणि नवजात बाळ झपाट्याने गार पडते. आधी आणि नंतर तापमान मोजून लिहावे. अंगावरचे सगळे उतरवावे: वाळे, मनगट्या, करदोटा, झबल्याची सेफ्टी पिन, नजर लागू नये म्हणून बांधलेला ताईत, डोळ्यांतले काजळ. चांदी लोहचुंबकाकडे ओढली जात नाही हे खरे, पण ती तापू शकते आणि चित्र बिघडवते. घरच्या आजींना हे आदल्या दिवशी समजावून सांगितले तर त्या स्वतः सगळे काढून ठेवतात. दाराशी घाईत सांगितले की वाद होतो. वॉर्डातला साधा ऑक्सिमीटर आत नेऊ नये, त्याच्या वायरचा वेटोळा कातडी भाजू शकतो. एमआरआयला चालणारा वेगळा असतो. ऑक्सिजन सिलिंडरबद्दल तर पुन्हा पुन्हा सांगावे लागते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतच एका रुग्णालयात सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. चुंबक चोवीस तास चालू असतो, ‘मशीन बंद आहे’ असे कुणी सांगितले तरी. बाळाला ऑक्सिजन लागत असेल तर भिंतीतल्या पाइपलाइनमधून लांब नळीने द्यावा किंवा चुंबकाला न चिकटणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर वापरावा.

नवजात बाळासाठी खास कॉइल (अवयवाभोवती बसवायचे, चित्रासाठी संदेश टिपणारे साधन) नसेल तर अडून बसू नये. मोठ्यांच्या डोक्याच्या कॉइलमध्ये बाळाचे डोके सैल पडते आणि चित्र दाणेदार येते. गुडघ्याच्या कॉइलमध्ये ते नीट बसते आणि चित्र बरेच सुधारते. काप तीन ते चार मिलिमीटरचे, चित्राची चौकट १६ ते १८ सेंटिमीटरची. मोठ्यांचा ठरलेला प्रोग्रॅम तसाच चालवला तर बाळाच्या पाणीदार मेंदूत राखाडी आणि पांढरा भाग वेगळे दिसत नाहीत. टी-टूसाठी वेळा वाढवून घ्याव्या लागतात. एकदा ‘नवजात’ नावाने प्रोग्रॅम साठवून ठेवला की प्रत्येक वेळी खटपट नको. इंजेक्शनचे काँट्रास्ट या तपासणीला लागत नाही. संसर्ग किंवा गाठ अशी वेगळी शंका नसेल तर घरच्यांनी ते विकत आणू नये आणि त्यांना आणायला सांगूही नये.

सिक्वेन्सच्या क्रमावरून तंत्रज्ञांत मतभेद आहेत. डिफ्युजनचा आवाज कर्कश असतो, बाळ दचकून उठेल म्हणून काही जण ते शेवटी ठेवतात. आमच्या मते ते सर्वांत आधी घ्यावे. ते एक-दोन मिनिटांत होते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तेच सर्वांत मोलाचे असते. शेवटी ठेवले आणि बाळ मधेच जागे झाले तर हाती फक्त हललेली टी-टू चित्रे राहतात. त्यानंतर टी-वन, टी-टू, रक्तस्रावासाठी एसडब्ल्यूआय, आणि बाळ झोपलेले असेल तर शेवटी स्पेक्ट्रोस्कोपी.

स्पेक्ट्रोस्कोपीत थॅलॅमसमधल्या सुमारे दीड ते दोन सेंटिमीटरच्या चौकोनातली रसायने मोजता येतात. ऊर्जा संपलेल्या पेशी लॅक्टेट तयार करतात, त्याचे जुळे टोक आलेखाच्या मोजपट्टीवर १.३ ला दिसते. पेशी मेल्या की २.० ला दिसणारे एनएए (निरोगी चेतापेशींतले रसायन) घटते. लॅक्टेट वर आणि एनएए खाली, ही पुढच्या अपंगत्वाची बरीच भरवशाची सूचना आहे. दोन फसव्या गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. चौकोन कवटीच्या जवळ सरकला तर टाळूखालच्या चरबीचे टोकही १.३ च्याच आसपास येते. आणि फेनोबार्बिटोनच्या इंजेक्शनातले प्रोपिलीन ग्लायकॉल १.१ ला जुळे टोक दाखवते. घाईत तेच लॅक्टेट म्हणून लिहिले जाते. झटक्याची कोणती औषधे चालू आहेत हे अर्जावर लिहावे, असा आग्रह आम्ही यासाठी धरतो.

मग पहिल्या दिवशी काय करायचे? टाळूवरून सोनोग्राफी. ती पाळण्याशेजारी होते, स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही. पहिल्या चोवीस तासांत एक, तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक. पहिल्या सोनोग्राफीचा मोठा उपयोग असा की जन्माच्या दिवशीच पोकळ्या किंवा मेंदू आकसलेला दिसला तर ते नुकसान पोटात असताना, बऱ्याच आधी झालेले असते. प्रसूतीच्या वेळचे ते नव्हे. तिसऱ्या दिवशी थॅलॅमस उजळलेला दिसू शकतो. पुढच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत प्रवाहाचा अवरोध-निर्देशांक ०.५५ च्या खाली गेला तर ती वाईट खूण समजतात, मात्र थंड उपचार झालेल्या बाळात त्या आकड्याचा भरवसा कमी होतो. सोनोग्राफीला मेंदूची वरची, कडेची साल नीट दिसत नाही, म्हणून ती एमआरआयची जागा घेऊ शकत नाही. नवजात कक्षातल्या यंत्रालाही पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी लागते. ही कागदपत्रे अडकल्यामुळे कक्षाला स्वतःचे यंत्र नसणे, हे कारण पटण्यासारखे नाही. नियम पाळून नोंदणी करता येते.

सीटी स्कॅन लवकर मिळतो म्हणून केला जातो. कवटीचे हाड मोडल्याची किंवा तातडीने शस्त्रक्रिया लागेल अशा रक्तस्रावाची शंका असेल तर जरूर करावा. ऑक्सिजनच्या कमतरतेसाठी नवजात बाळाचा सीटी करणे म्हणजे पाणीदार मेंदूत फरक न दिसणारी तपासणी करणे आणि वर किरणोत्सर्ग देणे. ‘सीटी नॉर्मल आला, म्हणजे एमआरआयची गरज नाही’ असे कुणी सांगितले तर ते मान्य करू नये.

ऑक्सिजनची कमतरता आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टी यांत गल्लत होते, तीही सांगायला हवी. साखर फार खाली गेलेल्या बाळात इजा मुख्यतः मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात दिसते. काविळीचे पित्तद्रव्य (बिलिरुबिन) मेंदूत गेले तर ग्लोबस पॅलिडस नावाचे केंद्र बिघडते. तिथे ऑक्सिजनच्या कमतरतेत मुख्य मार सहसा बसत नाही. एकाच बाजूला एकाच रक्तवाहिनीच्या प्रदेशात इजा असेल तर तो नवजात बाळाचा पक्षाघात आहे. जन्मजात चयापचयाचे आजारही असेच चित्र उभे करतात. आपल्याकडे गुदमरलेल्या बाळाची साखरही बऱ्याचदा खाली गेलेली असते, दोन्ही एकत्र असतात. तेव्हा एमआरआयच्या अर्जावर ‘बर्थ अस्फिक्सिया’ एवढे दोनच शब्द खरडून पाठवू नयेत. जन्माची तारीख आणि वेळ, गर्भाचे आठवडे, पाच व दहा मिनिटांचा अपगार (जन्मानंतर बाळाच्या स्थितीला दिलेले गुण), नाळेच्या रक्ताचा पीएच केला असेल तर तो, सर्वांत कमी साखर, सर्वांत जास्त बिलिरुबिन, पहिला झटका कधी, औषधे कोणती, थंड उपचार दिला का. अर्ध्या पानात मावते हे सगळे, आणि वाचणाऱ्याच्या हातात निम्मे उत्तर पडते.

थंड उपचाराबद्दल थोडक्यात. बाळाचे तापमान ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे, आणि सुरुवात जन्मापासून सहा तासांच्या आत. हा निर्णय बाळाची तपासणी आणि रक्तातले आम्ल पाहून घ्यायचा असतो, एमआरआयसाठी थांबून नव्हे. सहा तासांत एमआरआय काही सांगतही नाही. शिवाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स चाचणीत या उपचाराने फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. त्यामुळे श्रीमंत देशांतला उपचार जसाच्या तसा आपल्याकडे आणण्याबाबत सावध राहावे लागते, आणि लवकर निदान करून हालचाल आणि विकासासाठीची थेरपी लवकर सुरू करण्याचे महत्त्व आपल्याकडे आणखी वाढते.

मोठ्या माणसांबद्दलही लेखात उल्लेख होता. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णात सीटी पहिल्या तासांत रक्तस्राव नाही ना हे पाहण्यासाठी. एमआरआय दुसऱ्या ते सातव्या दिवसात. आणि ‘आशा नाही’ हा निर्णय ७२ तासांच्या आत किंवा एकट्या स्कॅनवर घेऊ नये. मुंबईच्या लहान, बंद न्हाणीघरांतल्या गॅस गीझरचा धोका मात्र ठळकपणे छापावा, अशी विनंती. अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर तरीही ९८-९९ दाखवतो. न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर चांगला आहे म्हणून घरी पाठवू नये. रक्तातले कार्बोक्सीहिमोग्लोबिन मोजावे. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे ग्लोबस पॅलिडस बिघडलेले दिसते. आणि माणूस शुद्धीवर येऊन घरी गेल्यावर काही दिवसांनी, कधी महिना-सव्वा महिन्याने, विस्मरण, चालण्यात बिघाड, लघवीवरचा ताबा जाणे असे सुरू होऊ शकते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेले असावे.

एमआरआय काय सांगत नाही, हेही छापा. इजा कोणत्या तासाला झाली आणि कुणाच्या चुकीने झाली, हे तो सांगत नाही. ताजी इजा आहे की जुनी, एवढेच बऱ्यापैकी सांगता येते. योग्य दिवशी काढलेला स्वच्छ एमआरआय ही खूप चांगली बातमी आहे, पण हमीपत्र नव्हे. तिसऱ्या महिन्यात हालचालींची तपासणी, कानांची बेरा (ऐकण्याची चाचणी), डोळ्यांची तपासणी आणि दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा व्हायलाच हवा. वाईट एमआरआय आला तर थेरपी सहाव्या महिन्याची वाट न पाहता बाळ घरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यापासून सुरू करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे याचसाठी आहेत. मेंदू सर्वाधिक शिकतो ते पहिले महिने केवळ एमआरआयची तारीख न मिळाल्याने वाया जातात, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

महापालिकेकडे आमची मागणी साधी आहे. पालिकेच्या ज्या मोठ्या रुग्णालयांत एमआरआय आहे तिथे आठवड्यातून दोन ठरावीक दिवशी सकाळची पहिली वेळ नवजात बाळांसाठी राखून ठेवावी. सोमवार-गुरुवार असे दोन दिवस धरले तर कुठल्याही वारी जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या ते सहाव्या दिवसातली एक वेळ मिळते. एमआरआय नसलेल्या प्रसूतिगृहांतून आणि उपनगरी रुग्णालयांतून त्या दिवशी परिचारिकेसह रुग्णवाहिका यावी, बाळ कांगारू पद्धतीने आईच्या छातीशी किंवा उबदार पेटीत आणावे आणि त्याच दिवशी परत न्यावे. अर्जाचा नमुना सगळीकडे एकच असावा, आणि रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत बाळाचे वय तासांत किंवा दिवसांत लिहिणे सक्तीचे करावे.

आईवडिलांसाठी एक सूचना. रिपोर्टबरोबर छापील फिल्म मिळते, तिच्यावर बहुधा एडीसीचा नकाशा नसतो आणि आकडा तर मोजताच येत नाही. डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांच्या) स्वरूपातली सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, घरी नेण्याआधी तिथल्याच संगणकावर उघडून बघा, आणि एक प्रत नात्यातल्या कुणाकडे तरी वेगळी ठेवा. पावसाळ्यात फायली भिजतात, भाड्याचे घर बदलताना हरवतात, आणि मूल दोन वर्षांचे झाल्यावर पुन्हा एमआरआय होतो तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट पहिली मागतात ती हीच चित्रे.

आपले,
नवजात अतिदक्षता आणि रेडिओलॉजी विभागांत काम करणारे काही डॉक्टर व तंत्रज्ञ,
मुंबई